निधान

वडगावात, मागांच्या गल्लीत,
भाड्याच्या दहा बाय बारात ड्रमसेट मावत नाही.
मावला असता तरी मालकीणबाईंनी
काठ्यांसकट मला बाहेर काढलं असतं.
म्हणून माझा ड्रमसेट लॅपटॉपात राहतो.
किक, स्नेअर, तीन टॉम, झांजा,
आणि हात कुणाचेच नाहीत.

यादी उघडते. वाजवून ठेवलेले ठेके,
चार-चार मात्रांच्या वड्या पाडलेले.
कुठल्याशा थंड गावात एक माणूस
काचेच्या खोलीत दिवसभर वाजवून गेला,
त्याचं मनगट मग तुकड्यांनी विकलं.
नाव नाही. नुसतं
९४ सरळ, ९४ झुलता, ९४ थकलेला.
मी थकलेला उचलते, ओढून पट्टीवर ठेवते.
गिटारखाली तो निमूट चालू लागतो,
चहा न मागणारा,
तालमीला कधीच उशीर न करणारा.

उशीर. तिथेच तर अडतं.

दिवसा मी उद्यमबागेत मायक्रोमीटर धरते.
शाफ्ट एका शतांशानं जाड निघाला
की लाल खडूची फुली.
कल्लाप्पा लेथवरनं ओरडतो,
"मॅडम, केसभर तर हाय की!"
केस सात शतांश असतो, मी सांगते.
आणि रात्री दीडला हीच मी
स्नेअरचा एक ठोका माऊसनं धरून
चौदा मिलिसेकंद मागं ढकलते,
मग अठरा, मग अकरा,
चूक किती असली म्हणजे माणूस वाटतो
ते मोजत.

एक बटण आहे, ठेके माणसाळवणारं.
दाबलं की ते इकडंतिकडं होतात,
पोराच्या हातून शेंगदाणे सांडावेत तसे.
पण सांडणं वेगळं, रेंगाळणं वेगळं.

भिंतीपलीकडे दोन माग.
एकाचा धोटा झिजलाय,
मधेच एखाद्या फेकीला अडखळतो.
मी कितीही उशा लावल्या तरी
माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तो आहे.
तो माग गुरलिंगमामांचा.
पूर्वी जत्रांना करडी वाजवायचे, गळ्यात अडकवून,
आता खांदा वर जात नाही.

वीज गेली त्या रात्री दारात आले.
"कोण गं बडवतंय रोज तुझ्यात?"
कोणी नाही मामा, म्हटलं. हेडफोन दिला.
त्यांनी एकाच कानाला लावला, फोनसारखा.
बराच वेळ ऐकलं.
मग डोळे मिटूनच म्हणाले, "निधान."

मला वाटलं, ठेवा म्हणतायत.
पुरून ठेवलेला हंडा वगैरे.
छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.
तोवर पुन्हा, तळवा खाली दाबत,
"निधान, निधान."
हळू. कानडीत हळू.
इतका वेळ मराठी बोलणारे मामा
तालाशी आले की कानडी होतात.

९४चे ८१ केले. मान हलली नाही.
७६.
मग त्यांनीच छोट्या कीबोर्डवर बोट ठेवलं,
सुतानं काचलेलं, एकच.
एक ठोका. नंतर इतका वेळ काही नाही
की मला वाटलं, विसरले.
मग दुसरा.

पडद्यावरच्या जाळीत त्यांचा एकही ठोका रेघेवर नव्हता.
सवयीनं माझा हात गेला,
सगळे ओढून रेघेला लावले, वाजवून दाखवले.
मामा हसले. "हे तुझ्या लॅपटॉपचं.
माझं कुठं गेलं?"
मी एक पाऊल मागं घेतलं.
ठोके आपापल्या जागी जाऊन बसले,
रेघांच्या मधल्या अंधारात.

बॅटरी नऊ टक्के. वीज आली,
माग धडधडला, मामा अनवाणीच पळाले,
हेडफोन खाटेवर वाजत राहिला.
फाईलला नाव मागितलं. निधान लिहिलं.
कुठल्या भाषेतलं, ते विचारलं नाही.

सकाळी पहिल्या पाळीला एक शाफ्ट आला,
शतांशानं जाड.
कल्लाप्पा बघत होता.
फुली मारली.
शाफ्टचं वेगळं असतं.